खेळाडूच्या नावापुढचा आकडा



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत यावे आणि बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत हे सारे सोडून क्रीडामंडळांच्या संगणकातील नोंदींवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. चिटणिसांनाही वाटले. त्यांनी मला दोनदा विचारले, विषय हाच ना? होय, हाच. गेली तीस वर्षे मी झेंड्यापेक्षाही अधिक वेळा जी वस्तू हातात धरली आहे, ती म्हणजे कामगाराच्या नावाचा कागद. हजेरीपट, सेवापुस्तक, बढतीची यादी, आणि त्यावर कोणीतरी मारलेला शेरा. माझे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि या कागदांवर झाले. त्यामुळे माणसाच्या नावापुढे आकडा दिसला की तो कोणी लिहिला, हे विचारण्याची मला खोड लागली आहे.

आपल्या शहरातील क्रीडामंडळांचा कारभार पूर्वी एका लोखंडी कपाटात मावत असे. सभासदांची वही, वर्गणीची पावतीपुस्तके, आणि खेळाडूंचे जन्मतारखेचे दाखले. आता त्या कपाटाची जागा सॉफ्टवेअरने घेतली आहे. मुलाचे नाव घालावे की त्याचे पान उघडते. छायाचित्र, जन्मतारीख, उंची, वजन, कोणत्या जागी खेळतो, सरावाला किती दिवस आला, वर्गणी भरली की नाही, गुडघा कधी दुखावला. याला प्रोफाइल म्हणतात. त्याच पानाच्या कोपऱ्यात, ठळक अक्षरांत, एक आकडा असतो. दहापैकी सात, किंवा पाचपैकी साडेतीन तारे. याला रेटिंग म्हणतात.

या साधनाला नावे ठेवण्यासाठी मी आलेलो नाही. वर्गणी कोणी दिली आणि ती कोणाच्या खिशात विसावली, यावरून फुटलेली मंडळे आपण पाहिली आहेत. तो तंटा पुष्कळसा मिटला. टेनिस बॉलच्या क्रिकेट सामन्याचीही प्रत्येक धाव आज मोबाइलवर नोंदता येते, आणि तालुक्याबाहेर कधी न गेलेल्या मुलाच्या नावावर त्याच्या सगळ्या डावांचा हिशेब राहतो. ही चांगलीच गोष्ट आहे. माझा वाद आहे तो कोपऱ्यातल्या त्या ठळक आकड्याशी.

हे आकडे एका जातीचे नसतात. सरावाला चाळीस दिवसांपैकी तेहतीस दिवस हजर, हा मोजलेला आकडा. जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांवरून ठरलेल्या सूत्राने निघालेला तो हिशेबाचा आकडा. आणि ‘जिद्द : दहापैकी सहा’ हा कोणाच्या तरी मताचा आकडा. पडद्यावर तिन्ही एकाच टाइपात, एकाच रंगात येतात. कधी तर तिघांची सरासरी काढून एकच आकडा केलेला असतो. दुधात पाणी मिसळले की पाणीही दुधाच्या भावाने खपते, तसे मत मापाच्या भावाने खपते.

हिशेबाचा आकडा कसा असावा याचा उत्तम मासला बुद्धिबळात आहे. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले गृहस्थ अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची मानांकनाची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. समजा, एकाचे मानांकन १६०० आहे आणि दुसऱ्याचे १४००. फरक दोनशेचा. या फरकाला पहिल्याने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा धरलेली असते. आता तो एक डाव जिंकला, तर त्याला फारसे काही मिळत नाही, कारण जिंकणे अपेक्षितच होते. सर्वसाधारण प्रौढ खेळाडूच्या २० या गुणकाने पाचाच्या आत, ४.८. पण हरला, तर १५.२ जातात आणि तेवढेच समोरच्या दुबळ्याला मिळतात. सावकाराने कुळाला हरवण्यात पराक्रम नाही, हे तत्त्व त्या प्राध्यापकाने गणितात बसवले, असे मी आमच्या पोरांना सांगतो.

इथे कोणाची मर्जी चालत नाही. नियम छापलेला आहे. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही ताळा करून पाहावा. नियम बदलायचा तर तोही जाहीरपणे बदलतात. १ मार्च २०२४ रोजी जागतिक संघटनेने दोन हजारांखालील सर्वांची मानांकने एका सूत्राने उचलली. ज्याचे १२०० होते त्याचे एकही डाव न खेळता १५२० झाले. कोणाला ते पटले, कोणाला नाही. परंतु सूत्र सर्वांसमोर होते आणि सर्वांना सारखेच लागू होते. आणि इतके करूनही एलो स्वतः आपल्या आकड्याबद्दल फार बेताने बोलत. खवळलेल्या पाण्यावर बूच वरखाली होते आहे आणि वाऱ्यात झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या गजाने आपण त्याची जागा मोजतो आहोत, अशा अर्थाची उपमा त्यांनी दिली होती. ज्याने माप तयार केले तो असे म्हणतो. विकणारे कधी असे म्हणत नाहीत.

बुद्धिबळातली आणखी एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तेथे आकड्याला उत्तर देता येते. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख तिथे पंधराव्या मानांकनाने उतरली होती. आकड्याचेच ऐकायचे तर तिच्यापुढे चौदा जणी होत्या. परंतु आकड्याने तिला पटावर बसण्यापासून अडवले नाही, आणि ती स्पर्धा जिंकून, अंतिम फेरीत कोनेरू हंपीसारख्या खेळाडूला हरवून, ग्रँडमास्टर होऊन परतली. आता आपल्या मंडळातील मुलीचा विचार करा. तिच्या नावापुढे ४ आहे. चारवालीला संघात घेत नाहीत. संघात नाही म्हणून सामना नाही, सामना नाही म्हणून नवी नोंद नाही, आणि नवी नोंद नाही म्हणून आकडा चारच. पुढल्या वर्षी तेच पान उघडून तिला सांगतात, बघ, वर्षभरात काही प्रगती नाही. आमच्या धंद्यात याला बदली कामगाराचा फेरा म्हणतात. कायम नाही म्हणून अनुभव धरत नाहीत आणि अनुभव नाही म्हणून कायम करत नाहीत.

मताच्या आकड्याचे सर्वांत प्रसिद्ध घराणे इंग्लंडातले आहे. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा भावांनी १९९२ मध्ये फुटबॉल संघ चालवण्याचा एक संगणकीय खेळ बाजारात आणला. आज ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने तो ओळखला जातो. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचे टिपण असते. पास, उडी, धैर्य, अशा एकेका गुणाला वीसपैकी आकडा. शिवाय आज किती आहे आणि पुढे किती होईल, असे दोनशेपैकी दोन आकडे पोटात लपवलेले. हे आकडे ठिकठिकाणचे निरीक्षक सामने पाहून भरतात. काम इतके नेटाचे, की २००८ मध्ये एव्हर्टन या नामांकित क्लबाने नवे खेळाडू हेरण्यासाठी हा साठा वापरण्याचा करार केला. म्हणजे खेळण्यातली वही खऱ्या कचेरीत आली. पण त्याच वहीत टोंटन झोला मुकोको हे नावही आहे. किन्शासात जन्मलेला, स्वीडनमध्ये वाढलेला आणि डर्बी काउंटीच्या युवा संघात आलेला हा मुलगा. २००० च्या आसपास त्या खेळात तो जगातला एक महान खेळाडू होऊन बसे. घरोघरची पोरे त्याला आपल्या संघात घेत. प्रत्यक्षात डर्बीच्या मुख्य संघातून तो एकही सामना खेळला नाही. यात निरीक्षकांना मी हसत नाही. सोळा वर्षांच्या मुलाचे पुढे काय होईल हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. मात्र ‘पुढे किती होईल’ अशी चौकट छापली की कोणाला तरी ती भरावीच लागते.

हा चौकटीचा जुलूम आपल्याकडे कसा चालतो ते पाहा. शिक्षक एक, मुले चाळीस, आणि प्रत्येकाच्या पानावर चपळाई, दम, समज, शिस्त अशा पंचवीस चौकटी. म्हणजे एक हजार आकडे. शिक्षक बिचारा दिवसा कुठेतरी नोकरी करून संध्याकाळी मैदानावर येतो. मानधन मिळाले तर मिळाले. रात्री साडेदहाला तो मोबाइल घेऊन बसतो. त्याच्या डोळ्यांपुढे गेल्या रविवारचा सामना असतो, आणि ज्यांचे काहीच आठवत नाही त्यांना तो सहा देऊन टाकतो. मी त्याला दोष देत नाही, तोही कामगारच आहे. पण सकाळी तो ‘सहा’ शास्त्राचा पोशाख घालून पडद्यावर उभा राहतो, आणि तो झोपेच्या गुंगीत दिला होता हे कोणाला कळत नाही.

एका कारखान्यातली हकिगत सांगतो. नाव सांगत नाही. तिथल्या एका लेथवरच्या कारागिराच्या कागदावर ‘संथ’ असा शेरा होता, आणि तो वर्षानुवर्षे पुढच्या कागदावर उतरवला जात होता. बढतीची बोलणी करताना आम्ही खोदून पाहिले. मूळ शेरा ज्या वर्षीचा, त्या वर्षी तो ज्या लेथवर होता तिचे बेअरिंग झिजलेले होते आणि गती वाढवली की काम थरथरत असे. संथ लेथ होती. शेरा माणसाला चिकटला. पुढे लेथ भंगारात गेली, शेरा मात्र नोकरीत कायम राहिला. खेळाडूच्या पानावरही मैदानाचे, जागेचे, जोडीदाराचे गुणदोष असेच त्याच्या एकट्याच्या नावावर चढतात.

चौकट नसलेल्या गुणांचे तर विचारूच नका. एकनाथ सोलकर आपल्या मुंबईचे. वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची राखण करणारे. सत्तावीस कसोटींत त्यांची फलंदाजीची सरासरी २५.४२, आणि गोलंदाजीत अठरा बळी, प्रत्येक बळी ५९.४४ धावांना. हे दोन आकडे घालून संगणकाला विचारा, हा गडी संघात घ्यावा का? तो नको म्हणेल. पण फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, ना शिरस्त्राण ना काही, उभे राहून त्यांनी त्या सत्तावीस कसोटींत ५३ झेल घेतले. १९७१ मध्ये ओव्हलवर भारताने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली, त्या सामन्यात ॲलन नॉटचा त्यांनी सूर मारून घेतलेला झेल ज्यांनी छायाचित्रात पाहिला आहे, त्यांना मी अधिक सांगायला नको. निदान झेल तरी मोजता येतात. कबड्डीत उजव्या कोपऱ्यावर असा एखादा खमक्या उभा असतो, की चढाई करणारा त्या बाजूला फिरकतच नाही. त्याच्या नावावर त्या दिवशी पकड शून्य. दुसऱ्या कोपऱ्यावर चार पकडी झाल्या, त्या तिकडच्याच्या नावावर. साखळीत हात धरून ज्याने मागून जोर दिला त्याचे काय? पकडीचा गुण संघाला एरवी एकच. तो कोणा एकाच्या नावापुढे घातला की बाकीचे हात पुसले गेले.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. १९८५ साली कॅनडात रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फावरच्या हॉकीतील वरच्या दर्जाच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले फार, शेवटच्या तीन महिन्यांतले फार थोडे. तिथे वयोगट १ जानेवारीपासून धरतात. जानेवारीतले मूल डिसेंबरातल्या मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठे. दहाव्या वर्षी तेवढ्याने उंची, वजन, धाव सारेच पुढे. शिक्षकाला वाटते याच्यात गुण आहेत. मग त्याला अधिक सराव, चांगले सामने, आणि पाच वर्षांनी ते गुण खरोखरच दिसू लागतात. जन्मदाखल्यावरचा महिना असा हळूहळू गुणवत्ता होतो. आपल्या सॉफ्टवेअरच्या पानावर जन्मतारीख आणि मानांकन दोन्ही शेजारी शेजारी असतात. त्यांची एकदा गाठ घालून पाहावी, एवढे साधे काम किती मंडळांनी केले असेल?

मला कोणी म्हणेल, अहो, आकडा काही शिवी नाही. ‘सात’ म्हणजे चांगलेच की. यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला आहे. तो मला पाठ आहे. देव दत्त विरुद्ध भारत सरकार. सीमा रस्त्यांच्या खात्यातील हे अभियंता. त्यांच्या गोपनीय अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. शेरा चांगला, म्हणून त्यांना कळवला नाही. पण बढतीसाठी पाच वर्षे ‘फार चांगला’ लागत होता, आणि त्या एका ‘चांगला’ने त्यांची बढती अडली. न्यायालयाने सांगितले, शेरा कोणताही असो, वाईट, बरा, चांगला, तो ज्याच्याबद्दल आहे त्याला कळवलाच पाहिजे, आणि त्यावर म्हणणे मांडायला संधी दिली पाहिजे. हा निकाल सरकारी नोकरांचा आहे, क्रीडामंडळांना तो बांधील नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘सात’ मिळालेल्या मुलाच्या आईला हे कोण सांगते, की जिल्हा निवडीची रेघ आठावर मारलेली आहे?

नोंदवही ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, हे फुटबॉलच्या कामगारांनी फार पूर्वी ओळखले. होय, कामगारच. इंग्लंडात १८९३ पासून अशी रीत होती, की करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाकडेच राही; क्लबाने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे आणि पगारही बंद करता येई. वेठबिगारीच ती, फक्त हिरवळीवरची. १९०७ मध्ये मँचेस्टरला बिली मेरेडिथ आदी खेळाडूंनी संघटना उभारली. आठवड्याला वीस पौंड ही पगाराची कमाल मर्यादा संपाच्या धाकाने जानेवारी १९६१ मध्ये गेली. जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसल क्लबाविरुद्ध दावा लावला आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ती नोंदणीची रीत धंद्यावरचे अवाजवी बंधन ठरवली. एका नोंदीपासून सुटायला सत्तर वर्षे लागली.

आज ती नोंद अंगावर आली आहे. छातीवर पट्टा, पाठीवर यंत्र. किती धावला, नाडी किती, झोप किती. अमेरिकेतील एनबीए बास्केटबॉलच्या खेळाडूसंघटनेने २०१७ च्या करारात कलम घालून घेतले, की अंगावरच्या यंत्रातून मिळालेली माहिती पगाराच्या बोलण्यांत वापरायची नाही. वापरल्यास अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. २०२२ मध्ये फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेने आणि फिफाने मिळून खेळाडूंच्या माहितीवरील हक्कांची सनद काढली. आपल्याकडे २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. त्यात आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि खोडून टाकण्याचा हक्क आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. कागदावर हे ठीक. पण चूक दुरुस्त करणे हे उंची आणि जन्मतारखेला जमते. ‘जिद्द : सहा’ ही चूक आहे हे कोणत्या फूटपट्टीने सिद्ध करणार? तिथे कायद्यापेक्षा मंडळाची सर्वसाधारण सभा अधिक उपयोगी पडेल.

त्या सभेत विचारण्यासारखे पुष्कळ आहे. आकडा कोणी भरला आणि कोणत्या तारखेला? किती सामने पाहून? तो मुलाला दिसतो का, की फक्त समितीला? पान दुसऱ्या मंडळाला, पुरस्कर्त्याला, सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला जाते का? चिटणीस बदलला तर परवलीचा शब्द कोणाकडे राहतो? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. माझ्या पाहण्यात तो दोन मंडळांत पोलीस चौकीपर्यंत गेला आहे. आणि मताच्या आकड्याला वय असावे. हंगाम संपला की तो पुसावा. दहाव्या वर्षीचा शेरा पंधराव्या वर्षी वाचण्याचा कोणाला अधिकार असू नये. मोजलेले खुशाल ठेवा, धावा आणि हजेरी कोणाला बोचत नाहीत.

आमच्या वस्तीतील मुलींच्या कबड्डी मंडळाने एक साधी सोय केली आहे. प्रत्येक पान वर्षातून दोनदा कागदावर छापून खेळाडूच्या हातात देतात, आणि खाली चार ओळी कोऱ्या ठेवतात. गेल्या दिवाळीनंतर एका मुलीने ‘चढाई : ४’ या नोंदीखाली लिहिले, मला वर्षभरात चढाईला पाठवलेलेच नाही. शिक्षकांनी वही काढून पाहिली, खरेच नव्हते. पुढच्या दोन सामन्यांत तिला सहा चढाया दिल्या. दोन साधल्या, तीन रिकाम्या गेल्या, एकीत ती बाद झाली. शिक्षकांनी आकडा चारच ठेवला. त्याच्यापुढे तारीख घातली आणि लिहिले, सहा चढाया पाहून.